शॉर्ट नेमका कुठे आहे? अटलांटिकच्या तळापासून लॅपटॉपच्या मदरबोर्डपर्यंत

गेल्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपवर चहा सांडला. अर्धा कप, साखर-दुधासकट. स्क्रीन एकदा लुकलुकली आणि गेली. त्यानंतर मी जे केलं ते संशोधक म्हणवणाऱ्या व्यक्तीने करू नये असं होतं. मी पॉवरचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पुसून, उलटा करून, पंख्याखाली धरून परत दाबलं. चार्जर लावून चौथ्यांदा दाबलं.

त्या लॅपटॉपमध्ये अभिलेखागारातल्या कागदपत्रांचे फोटो होते. पाच महिन्यांचं काम. शेवटचा बॅकअप त्याच्याही आधीचा. (हो, मला माहीत आहे. पुढच्यांना शहाणपण यावं म्हणून लिहून ठेवते आहे.)

माझ्या पीएचडीचा विषय एकोणिसाव्या शतकातल्या समुद्री तारा हा आहे, म्हणजे खंडाखंडांना जोडणाऱ्या टेलिग्राफ केबल्स. त्या तारांमध्ये बिघाड कसा शोधत, यावर माझं एक आख्खं प्रकरण आहे. लॅमिंग्टन रोडजवळच्या एका गाळ्यात रिपेअरवाल्या दादांसमोर स्टुलावर बसून त्यांचं काम बघताना मला सारखं वाटत होतं की हे मी वाचलेलं आहे. आजची पोस्ट त्याबद्दल. विषय वरवर दुरुस्तीचा आहे, पण खरा प्रश्न असा: जिथे डोळा पोचत नाही तिथला दोष नेमका कुठे आहे हे माणसं कसं ठरवायला शिकली?

बिघाड आहे हे कळणं आणि कुठे आहे हे कळणं

या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. केबल मुकी झाली की बिघाड आहे हे कोणालाही कळतं. पण तार दोन हजार मैलांची, तीही समुद्राच्या तळाशी. कुठे जहाज नेऊन गळ टाकायचा? मदरबोर्डचंही तेच. 'बोर्ड शॉर्ट आहे' हे मीटर एका बीपमध्ये सांगतो. पण एकाच व्होल्टेजच्या लाइनवर पन्नासेक कपॅसिटर ग्राउंडला समांतर जोडलेले असतात. त्यातला एक जरी शॉर्ट झाला तरी मीटरला सगळेच शॉर्ट दिसतात. सगळे काढून बघणं म्हणजे सगळी केबल वर ओढण्यासारखं आहे.

म्हणजे हवी असते एक अशी मोजणी, जी टोकाला बसून करता येईल आणि उत्तर मात्र आतल्या ठिकाणाचं देईल. या मोजणीचा इतिहास एका मोठ्या फजितीपासून सुरू होतो.

१८५८: जोर लावून बघणारा माणूस

आयर्लंड ते न्यूफाउंडलंड ही पहिली अटलांटिक केबल ऑगस्ट १८५८ मध्ये जोडली गेली. १६ ऑगस्टला राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांना पाठवला गेला आणि त्याला सुमारे १६ तास लागले. तरीही दोन्ही देशांत जल्लोष झाला. केबल मात्र महिनाभरही टिकली नाही.

कंपनीचा विद्युततज्ज्ञ होता वाइल्डमन व्हाइटहाउस. पेशाने शल्यचिकित्सक, विजेचा अभ्यास स्वतःच्या हौसेने केलेला. त्याच्याविरुद्ध मत असलेला माणूस म्हणजे ग्लासगोचा प्राध्यापक विल्यम थॉमसन, पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेला. थॉमसनचं म्हणणं, लांब केबलमध्ये संकेत पसरट होतो आणि हा उशीर लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून तांबं जाड हवं, आणि पलीकडच्या टोकाला अतिशय नाजूक प्रवाह ओळखणारं यंत्र हवं. व्हाइटहाउसला हे पटलेलं नव्हतं. संकेत क्षीण येतो ना, मग जोर वाढवा. मोठाली इंडक्शन कॉइल्स लावून त्याने केबलमध्ये सुमारे २००० व्होल्ट सोडले असं सांगितलं जातं.

आधीच अधू असलेलं इन्सुलेशन त्याने पुरतं गेलं, हा झाला पाठ्यपुस्तकातला निष्कर्ष. कंपनीने त्याला काढून टाकलं.

इथे थांबा. संशोधनाच्या दृष्टीने ही जागा महत्त्वाची आहे. डोनार्ड दे कोगन यांनी १९८० च्या दशकात हे प्रकरण पुन्हा उघडलं आणि सगळा दोष एकट्या व्हाइटहाउसवर टाकणं बरोबर नाही असं मांडलं. केबल मुळातच घाईत बनवलेली होती. बनवल्यावर ती उघड्यावर उन्हात पडून होती, आणि गटापर्चा, म्हणजे मलायातल्या झाडाचा चीक ज्याचं इन्सुलेशन होतं, तो उष्णतेने मऊ पडतो. मऊ पडला की आतली तार मध्यातून सरकते. मग केबल मेली कशाने? आधीच्या दोषाने, की दोन हजार व्होल्टनी? सरळ उत्तर नाही, कारण ज्या क्रियेने बिघाड तपासायचा तीच क्रिया बिघाड वाढवत होती. पुरावा आणि नुकसान एकमेकांत मिसळून गेलं.

गाळ्यातल्या दादांनी मला पहिला प्रश्न हाच विचारला होता. "सांडल्यावर चालू करून बघितलंत ना? कितीदा?" मी म्हटलं, चारदा. ते काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. मला व्हाइटहाउस आठवला, आणि पहिल्यांदाच त्याच्याबद्दल थोडी कणव वाटली.

ओहम कुठून आला?

अटलांटिकपाठोपाठ सुएझ–एडन–कराची ही तांबड्या समुद्रातली केबलही १८६० पर्यंत निकामी झाली आणि ब्रिटिश सरकारला त्याचा मोठा भुर्दंड बसला. मग सरकारी व्यापार मंडळ आणि अटलांटिक टेलिग्राफ कंपनी यांची संयुक्त समिती नेमली गेली. १८६१ मध्ये तिचा अहवाल आला. त्याचा सारांश एका वाक्यात सांगायचा तर: अंदाजाने चालणं बंद करा, बनवताना आणि टाकताना पावलोपावली मोजा.

पण मोजायचं कशात? त्या काळी रोधाचं सर्वमान्य एकक नव्हतं. कोणी ठरावीक जाडीची एक मैल तांब्याची तार धरे, तर सीमेन्सने १८६० मध्ये पाऱ्याचा स्तंभ पुढे केला. त्यात थॉमसनने १८५७ मध्येच दाखवून दिलं होतं की बाजारातलं तांबं सगळं सारखं नसतं, वहनक्षमतेत बराच फरक पडतो. मग 'इतका रोध म्हणजे इतके मैल' हा हिशेब लागणार कसा?

१८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने रोधाच्या प्रमाण एककासाठी समिती नेमली आणि १८६५ मध्ये प्रमाण रोधांच्या कॉइल्स वाटल्या जाऊ लागल्या. आपण ज्याला ओहम म्हणतो तो असा आला. इतिहासकार ब्रूस हंट यांनी ही गोष्ट चांगली मांडली आहे: हे एकक केवळ प्रयोगशाळेच्या गरजेतून आलेलं नाही. केबलवाल्यांना बिघाडापर्यंतचं अंतर काढायचं होतं, आणि त्यासाठी किनाऱ्यावरचा ओहम आणि जहाजावरचा ओहम एकच असणं भाग होतं. आपल्याला शाळेत आधी ओहमचा नियम शिकवतात आणि मग उपयोग. इतिहासात क्रम पुष्कळदा उलटा असतो.

या शिस्तीचा फायदा लगेच दिसला. १८६५ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजावरून केबल टाकताना चाचण्या सतत चालू होत्या. इन्सुलेशनमध्ये गळती दिसली, केबल मागे ओढली, तर गटापर्चात घुसलेला लोखंडी तारेचा छोटा तुकडा सापडला. ती केबल पुढे तुटली खरी, पण १८६६ मध्ये नवीन केबल पोचली आणि तुटलेलीही उचलून पूर्ण केली गेली. त्याच जहाजाने १८७० मध्ये मुंबई–एडन केबल टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली.

दोषालाच हिशेबातून बाहेर काढायचं

आता पद्धतीकडे येऊ. जमिनीवरच्या केबलसाठी मरे लूप ही पद्धत प्रसिद्ध आहे. बिघडलेल्या तारेशेजारी एक चांगली तार असते. पलीकडच्या टोकाला दोन्ही जोडायच्या, म्हणजे एक वेटोळं तयार होतं. अलीकडे व्हीटस्टन ब्रिजचे दोन रोध लावून तोल साधायचा. समजा केबल १० किलोमीटरची आहे, म्हणजे वेटोळं २० किलोमीटरचं. तोल १:४ ला साधला, तर बिघाड ४ किलोमीटरवर आहे. गणित एवढंच.

यातली खरी युक्ती वेगळी आहे. बिघाडाच्या जागी जमिनीकडे जाणारा जो रोध, तो या जोडणीत बॅटरीच्या वाटेवर येतो. तोलावर त्याचा परिणाम होत नाही. म्हणजे जी गोष्ट आपल्याला माहीत नाही आणि सारखी बदलते आहे, तीच हिशेबातून बाहेर काढली.

खोल समुद्रात मात्र शेजारी दुसरी तार नसते. तिथे ब्लाव्हिए या फ्रेंच अभियंत्याची पद्धत वापरत: पलीकडचं टोक एकदा मोकळं ठेवून मोजायचं, एकदा जमिनीला जोडून मोजायचं. दोन अज्ञात, दोन समीकरणं. कागदावर सुंदर. पण दोन मोजण्यांच्या मध्येच बिघाडाचा रोध बदलला तर उत्तर चुकतं, आणि तो बदलतोच.

खारं पाणी आणि तांबं

का बदलतो? कारण जखमेच्या जागी तांबं खाऱ्या पाण्याला भिडलेलं असतं आणि प्रवाह सोडला की तिथे विद्युतअपघटन सुरू होतं. तारेला बॅटरीचं धन टोक जोडलं, तर तांब्यावर क्लोराइडचा थर चढतो आणि बिघाड 'बरा झाल्यासारखा' दिसतो. ऋण टोक जोडलं, तर हायड्रोजनचे बुडबुडे निघून जखम स्वच्छ होते आणि बिघाड ठळक दिसतो. केबलवाल्यांना हे चांगलं ठाऊक होतं. बिघाड उघडा करून मोजायचा की झाकून आजचा दिवस ढकलायचा, हे ते प्रवाहाची दिशा बदलून ठरवू शकत.

मदरबोर्डवर सांडलेल्या चहाचं हेच होतं. शुद्ध पाण्यातून वीज फारशी जात नाही, त्यात विरघळलेले क्षार घात करतात. दोन तांब्याच्या रेषांमध्ये मिलिमीटरच्या काही दशांशांचं अंतर असतं. त्यांच्यात व्होल्टेज आणि वर ओल असली, की धन बाजूचं तांबं विरघळतं आणि ऋण बाजूला धातूची झाडासारखी फांदी वाढू लागते. चांदीच्या बाबतीत हे स्थलांतर बेल प्रयोगशाळेच्या संशोधकांनी १९५५ मध्ये सविस्तर मांडलं होतं, तेही टेलिफोन उपकरणांच्या संदर्भात.

लॅपटॉप 'बंद' असला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डच्या काही लाइन्स जिवंत असतात. म्हणून सांडल्यावर पहिलं काम चार्जर आणि बॅटरी तोडणं. तांदळाच्या डब्यात ठेवून क्षार जात नाहीत. पाणी उडतं, मीठ-साखर तिथेच राहते.

गाळ्यातलं टेबल

आता दादांनी काय केलं ते क्रमाने.

बॅटरी काढली. बोर्ड बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने धुतला, वाळवला. मग पॉवर न देता मीटर लावला. चार्जरच्या १९ व्होल्टच्या लाइनचा ग्राउंडशी रोध ठीक होता. पुढे प्रत्येक कॉइलवर मीटर. एका कॉइलवर एक ओहमच्या आसपास आकडा आला आणि मी उत्साहाने म्हटलं, "हाच शॉर्ट!" ते म्हणाले, "नाही हो, ही प्रोसेसरची लाइन. ती तंदुरुस्त असतानाही एवढीच दाखवते." त्यांनी त्याच मॉडेलचा एक चालू बोर्ड काढून त्यावर तोच आकडा दाखवला. थॉमसनचा १८५७ चा धडा हाच होता: चांगलं काय दिसतं हे आधी माहीत नसेल तर वाईट ओळखता येत नाही.

३.३ व्होल्टच्या लाइनवर ०.६ ओहम आलं. त्यांनी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून दाखवले, ०.२. म्हणजे खरा रोध सुमारे ०.४. चांगल्या बोर्डवर त्याच जागी आकडा किलोओहममध्ये होता. शॉर्ट पक्का. प्रोबचा आणि जोडाचा रोध मोजणीत मिसळतो, हा प्रश्न थॉमसनलाही पडला होता. प्रवाह एका जोडीने द्यायचा आणि व्होल्टेज दुसऱ्या जोडीने मोजायचं, ही चार टोकांची जोडणी म्हणूनच आजही केल्व्हिनच्या नावाने ओळखतात.

मग त्यांनी बाहेरचा डीसी सप्लाय त्या लाइनला जोडला. व्होल्टेज १, प्रवाहाची मर्यादा २ अँपिअर. मी विचारलं, एकच व्होल्ट का? "लाइन ३.३ ची आहे. त्याच्यावर गेलो तर चांगले चिप पण मारू. उलट कमीच ठेवायचं." हे वाक्य १८५८ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर कोणीतरी ऐकवायला हवं होतं.

०.४ ओहममधून २ अँपिअर म्हणजे १.६ वॉट उष्णता. खोलीसाठी काहीच नाही, पण तांदळाच्या कणीहून लहान कपॅसिटरसाठी पुष्कळ. बोर्डवर अल्कोहोल पसरलं आणि बघत बसलो. माझी नजर कीबोर्डच्या कनेक्टरपाशी होती. तिथे हिरवट गंज दिसत होता, दोष तिथेच असणार. पण सुकलं ते भलत्याच ठिकाणी, काळी चिकटपट्टी काढलेल्या जागेत, जिथे डागही नव्हता. चहा पट्टीखाली झिरपून तिथेच अडकून राहिला होता. गरम हवेने तो एक कपॅसिटर काढला, मीटर लावला, रोध किलोओहमवर परत.

मी विचारलं, काहीच गरम झालं नसतं तर? हा भाग मला सगळ्यात आवडला. शॉर्ट जितका पक्का तितका तो थंड असतो. रोध ०.००५ ओहम असेल तर त्याच २ अँपिअरला उष्णता फक्त ०.०२ वॉट, ती थर्मल कॅमेऱ्यालाही सहज दिसणार नाही. तेव्हा प्रवाह चालू ठेवून बोर्डवर जागोजागी मिलिव्होल्ट मोजायचे. शॉर्टकडे जाताना आकडा उतरत जातो, शॉर्टच्या पलीकडे प्रवाहच नाही म्हणून तो स्थिर राहतो. उतार जिथे थांबतो तिथे दोष. केबलच्या जुन्या जगात लॅटिमर क्लार्कच्या नावाने ओळखली जाणारी विभवपाताची चाचणी याच तत्त्वावर होती.

साम्य म्हणजे परंपरा नव्हे

इथपर्यंत वाचून वाटेल की केबलपासून मदरबोर्डपर्यंत एक सरळ रेषा आहे. माझ्या मार्गदर्शकांना मी हे उत्साहाने सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "पुरावा?"

प्रश्न रास्त आहे. दादांनी क्लार्कचं नाव ऐकलेलं नाही. ते हे उस्तादाकडून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून शिकले. काही गोष्टी खरंच वारशाने आल्या: ओहम हे एकक, चार टोकांची जोडणी. त्या उपकरणांमध्ये आणि पाठ्यपुस्तकांमध्ये मुरल्या आहेत, त्यांचा माग काढता येतो. काही गोष्टी पुन्हा नव्याने सुचलेल्या असू शकतात, कारण प्रश्न सारखा असला की उत्तरंही सारखी निघतात. आणि काही साफ नव्या आहेत. केबलवाला उष्णतेने दोष शोधू शकत नव्हता, वर समुद्र होता. १९७० च्या दशकात ह्युलेट-पॅकार्डने सर्किट बोर्डवरच्या प्रवाहाचा त्याच्या चुंबकीय क्षेत्रावरून माग काढणारा 'करंट ट्रेसर' आणला, त्याचंही केबलशी नातं मला अजून दाखवता आलेलं नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना म्हणून तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, दोन काळांतलं साम्य दिसलं की आनंद होऊ द्या, पण प्रकरणात लिहिण्याआधी दुवा शोधा: कोण, कोणत्या पुस्तकातून, कोणत्या यंत्रातून. दुवा नसेल तर 'साम्य' म्हणा, 'परंपरा' म्हणू नका. दोन, डाग जिथे दिसतो तिथेच दोष असतो असं नाही. अभिलेखागारातही ज्या फाइलवर गवगवा जास्त, तिथे उत्तर असेलच असं नाही. तीन, आपली मोजणी वस्तूला बदलते आहे का हे आधी विचारा. मुलाखत घेताना, जीर्ण कागद उलगडताना, मेलेल्या लॅपटॉपचं बटण दाबताना.

भंगारातल्या बोर्डवरून काढलेला तसाच कपॅसिटर बसवल्यावर लॅपटॉप सुरू झाला. कीबोर्ड कायमचा गेला, बाहेरून जोडून काम भागवलं. त्याच संध्याकाळी सगळे फोटो दोन ठिकाणी कॉपी केले. चार वेळा बटण दाबल्याने किती नुकसान वाढलं, ते मी दादांना विचारलं. ते म्हणाले, "आता कसं सांगणार? पुरावा तुम्हीच जाळलात."

हे वाक्य मी व्हाइटहाउसवरच्या प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात समासात लिहून ठेवलं आहे.